कंपायलर बदलला की बिघाड दिसेनासा होतो, जात नाही

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत संगणकाच्या चमत्कारिक बिघाडांवर आलेला लेख वाचला. या विषयावर मराठीत फारसे कुणी लिहीत नाही, म्हणून त्याचे मनापासून स्वागत. लेखातली लक्षणे खरी आहेत: मधूनच येणारा सेगमेंटेशन फॉल्ट (भलत्याच मेमरीला हात लावल्याने प्रोग्रॅम बंद पडणे), अर्ध्यावर थांबणारे बिल्ड (कोडपासून प्रोग्रॅम बांधण्याचे काम), न जुळणारे चेकसम (फाइल तीच आहे का हे ताडायचा आकडा), दहादा नीट चालून अकराव्यांदा कोसळणारा प्रोग्रॅम. खटकला तो शेवटचा सल्ला. जीसीसी या कंपायलरने (लिहिलेला कोड प्रोसेसरच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनाने) बांधलेला प्रोग्रॅम कोसळत असेल तर क्लँग या दुसऱ्या कंपायलरने बांधून पाहा, आणि तो चालला तर दोष जीसीसीचा, मशीन ठणठणीत आहे असे समजा, असे त्यात म्हटले आहे. एवढ्यावरून हा निष्कर्ष निघत नाही. तो काढला तर खराब रॅम किंवा प्रोसेसरचा खराब कोअर (त्यातला एक गणकभाग) असलेल्या मशीनवर माणूस निर्धास्तपणे हिशेब, फोटो आणि बॅकअप ठेवत राहतो. नुकसान ध्यानात येते तेव्हा जुन्या बॅकअपमध्येही तेच चुकलेले बिट उतरलेले असतात. म्हणून हे पत्र थोडे लांबले तरी लिहीत आहे.

कंपायलर बदलताना आपल्याला वाटते की एकच गोष्ट बदलली. प्रत्यक्षात पाच-सहा गोष्टी एकदम बदलतात: कोणत्या इन्स्ट्रक्शन (प्रोसेसरला दिलेल्या मूळ आज्ञा) वापरल्या जाणार, कोणती रजिस्टरे (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवण-जागा), कोणते फंक्शन मेमरीत कुठे बसणार, लूप किती उलगडला जाणार, मेमरी किती लागणार आणि प्रोसेसर कोणत्या क्षणी किती करंट ओढणार. यंत्रातला दोष यांपैकी एखाद्याच गोष्टीला चिकटलेला असतो. दुसऱ्या कंपायलरने तेवढी वाट टाळली की लक्षण थांबते आणि दोष जागच्या जागी राहतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण २०१७ सालचे आहे. ओकॅमल भाषेतले काही प्रोग्रॅम इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरवर अधूनमधून कोसळत होते. ओकॅमलचा रनटाइम (प्रोग्रॅम चालताना सोबत राबणारा भाग) सी भाषेत लिहिलेला आहे. तो जीसीसीने ओ-२ पातळीवर (ओ मागचा अंक जितका मोठा तितका कंपायलर कोड अधिक वेगवान करू पाहतो) बांधला की कोसळे, ओ-१ वर किंवा क्लँगने बांधला की चाले. आपल्या लेखातला नियम लावला असता तर इथेच जीसीसीवर शिक्का बसला असता. ओकॅमलचे मुख्य रचनाकार झाव्हिए लरुआ यांनी मात्र यंत्रावरचा संशय सोडला नाही. बायोसमधून (मशीनच्या मूळ सेटिंगमधून) हायपर-थ्रेडिंग, म्हणजे एका कोअरवर दोन थ्रेड (कामाचे धागे) एकदम चालवण्याची सोय, बंद केले की कोसळणे थांबते, हे दिसल्यावर रोख प्रोसेसरकडे वळला.

दोष सिलिकॉनमध्ये होता आणि तो जवळून पाहण्यासारखा आहे. आरएएक्स हे ६४ बिटांचे रजिस्टर. त्याच्या खालच्या १६ बिटांना एएक्स म्हणतात आणि त्या सोळांतल्या वरच्या बाइटला, म्हणजे ८ ते १५ क्रमांकाच्या बिटांना, एएच. एखाद्या छोट्या लूपमध्ये एएच आणि त्याचेच रुंद रूप अशी दोन्ही वापरली गेली आणि त्याच कोअरचे दोन्ही थ्रेड कामाला लागलेले असले, की प्रोसेसर काय करील याचा नेम नव्हता. आता ओकॅमलच्या मेमरी-सफाईकडे पाहा. मेमरीच्या प्रत्येक ब्लॉकच्या हेडरमध्ये (सुरुवातीच्या माहितीत) रंगाचे, म्हणजे ब्लॉक वापरात आहे की नाही याच्या खुणेचे, दोन बिट असतात, क्रमांक ८ आणि ९. हे बिट नेमके एएचमध्ये पडतात. ते बदलायला जीसीसीने एएचवर एका बाइटचे आटोपशीर ऑपरेशन वापरले, तर क्लँगने तेच काम पूर्ण रजिस्टरवर केले. दोघांचेही कोड बरोबर होते. इंटेलच्या दोषयादीत हा दोष एसकेएल१५० या क्रमांकाने नोंदलेला आहे आणि नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतली बदलता येणारी आज्ञावली) चढवल्यावर तो मिटला. क्लँगवर जाऊन गप्प बसलेल्या माणसाच्या मशीनवर मात्र तो दोष दुसऱ्या कोणत्याही प्रोग्रॅममध्ये उगवायला मोकळा होता.

एआरएमच्या कॉर्टेक्स-ए५३ या प्रोसेसरचे दोन दोष याहून नाजूक आहेत. क्रमांक ८३५७६९: मेमरी वाचणाऱ्या किंवा लिहिणाऱ्या इन्स्ट्रक्शनच्या लगेच मागे ६४ बिटांची गुणून-मिळवण्याची इन्स्ट्रक्शन आली, तर ठरावीक परिस्थितीत उत्तर चुकू शकते. क्रमांक ८४३४१९: एडीआरपी ही पत्ता काढणारी इन्स्ट्रक्शन मेमरीच्या ४ केबीच्या पानातल्या शेवटच्या दोन जागांपैकी एकीवर, म्हणजे एफएफ८ किंवा एफएफसी या ऑफसेटवर (पानाच्या सुरुवातीपासूनच्या अंतरावर) पडली आणि तिच्यामागून विशिष्ट क्रमाने मेमरीच्या इन्स्ट्रक्शन आल्या, तर पत्ता चुकतो. तिथे एक इन्स्ट्रक्शन ४ बाइटची असते. म्हणजे वरच्या एखाद्या फंक्शनमध्ये एक साधी ओळ वाढली तरी पुढचे सारे सरकते आणि बिघाड येतो किंवा जातो. जीसीसीमध्ये या दोन्ही दोषांना वळसा घालणारे वेगळे पर्याय आहेत. एका बिल्डमध्ये ते चालू आणि दुसऱ्यात बंद असले, तर दोन बायनरींची (बांधून तयार झालेल्या प्रोग्रॅम-फाइलींची) तुलनाच खोटी ठरते. म्हणून बिल्डची पूर्ण कमांड, सगळ्या पर्यायांसकट, जपून ठेवावी.

करंटचा मुद्दा सहसा कुणी लक्षात घेत नाही. क्लँग ओ-२ पातळीवर लूपचे व्हेक्टरायझेशन (अनेक आकड्यांवर एकाच इन्स्ट्रक्शनने काम) आधीपासून करत आला आहे. जीसीसीने ते ओ-२ वर सुरू केले २०२२ मध्ये, १२ व्या आवृत्तीपासून, तेही हात राखून. त्यामुळे 'दोन्हीकडे ओ-२ च दिले होते' हे म्हणणे पुरत नाही. एव्हीएक्स-२ या व्हेक्टर संचातल्या २५६ बिटांच्या इन्स्ट्रक्शन सलग चालल्या की कोअर जास्त करंट ओढतो आणि व्होल्टेज किंचित खाली बसते. ओव्हरक्लॉक केलेला (नेमल्यापेक्षा जास्त वेगाने चालवलेला), किंवा व्होल्टेज कमी करून थंड ठेवलेला प्रोसेसर नेमका इथे चुकतो. साध्या कोडवर तोच दिवसभर चालेल. असा प्रोसेसर ज्या कंपायलरने व्हेक्टर कोड काढला त्याच्या बायनरीवर कोसळतो आणि दोष कंपायलरच्या माथी जातो.

नव्याकोऱ्या, हात न लावलेल्या प्रोसेसरवरही विसंबता येत नाही. २०१७ मध्ये एएमडी कंपनीच्या सुरुवातीच्या काही रायझन प्रोसेसरांवर लिनक्समध्ये जीसीसीचे समांतर बिल्ड लावले की सेगमेंटेशन फॉल्ट येत. एएमडीने त्या ऑगस्टमध्ये अडचण मान्य केली आणि वापरकर्त्यांना प्रोसेसर बदलून दिले. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतल्या डेस्कटॉप प्रोसेसरांचे प्रकरण २०२४ मध्ये गाजले. तिथे लक्षण भलतेच होते. गेम सुरू करताना फाइल उलगडण्यात चूक व्हायची आणि पडद्यावर व्हिडिओ मेमरी अपुरी असल्याचा संदेश यायचा. लोक ग्राफिक्स कार्ड बदलत राहिले, दोष मुख्य प्रोसेसरमध्ये होता. कारण गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज. त्यावरचे मायक्रोकोड ०एक्स१२९ आणि ०एक्स१२बी हे ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मधले. ते पुढची झीज रोखतात, झिजलेला प्रोसेसर दुरुस्त करत नाहीत. तो बदलूनच घ्यावा लागतो. इंटेलने त्यासाठी वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे आणि ती सांगितली नाही तर हे पत्र एकांगी होईल. पुष्कळदा मशीन निर्दोष असते, कंपायलरही निर्दोष असतो आणि चूक प्रोग्रॅममध्ये असते. मूल्य न दिलेले व्हेरिएबल, ॲरेच्या बाहेर एक घर लिहिणे, साइन्ड इंटिजरचा ओव्हरफ्लो (पूर्णांक जागेत न मावणे), एकाच जागेकडे दोन वेगळ्या प्रकारच्या पॉइंटरने (मेमरीचा पत्ता धरणाऱ्या व्हेरिएबलने) पाहणे: सी भाषेच्या नियमांत या सगळ्याला वर्तन ठरलेले नाही. एक कंपायलर त्यातून योगायोगाने सुखरूप बाहेर पडतो, दुसरा नियमाचा पूर्ण फायदा घेऊन तपासणीची अख्खी ओळ उडवून लावतो. काही चुका तर हुबेहूब हार्डवेअरसारख्या दिसतात. मार्च-नेटिव्ह (समोरच्याच प्रोसेसरला साजेसा कोड काढण्याच्या) पर्यायाने नव्या मशीनवर बांधलेली बायनरी जुन्या मशीनवर नेली की 'इलिगल इन्स्ट्रक्शन' येते, ती केवळ जुन्या प्रोसेसरला ती इन्स्ट्रक्शन माहीत नसल्यामुळे. १६ बाइटच्या सीमेवर नसलेल्या पत्त्यावर एसएसई या व्हेक्टर संचातली अलाइन्ड (सीमेवरचाच पत्ता मागणारी) इन्स्ट्रक्शन चालवली की फॉल्ट येतो. ओ-० वर ती इन्स्ट्रक्शन बहुधा निघतच नाही, म्हणून तिथे सारे ठीक वाटते. आकडेमोडीत शेवटच्या दोन-तीन अंकांचा फरक दिसला तर तो गुणाकार आणि बेरीज एकाच इन्स्ट्रक्शनमध्ये उरकल्याचा, किंवा जुन्या ३२-बिट बिल्डमध्ये ८० बिटांच्या रजिस्टरांचा असू शकतो. त्यासाठी रॅम काढायला बसू नये. आणि समांतर बिल्डमध्ये कंपायलर 'किल्ड' म्हणून मेला असेल तर आधी कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) नोंदीत मेमरी संपल्याची ओळ शोधावी. मोठ्या सी++ फाइलीला प्रत्येक जॉबमागे एक-दोन जीबी सहज लागतात. ८ जीबीच्या मशीनवर १६ जॉब लावले तर मशीनला बोल लावण्यात अर्थ नाही.

मग निवाडा करायचा कसा? सर्वांत आधी बायनरींची अदलाबदल. दोन मशीन घ्या, दोन बायनरी घ्या आणि चारही जोड्या चालवा. बायनरी दुसऱ्या मशीनवर पुन्हा बांधायची नाही, आहे तीच उचलून न्यायची, लागणाऱ्या लायब्रऱ्यांसकट. दोन्हीकडे शा-२५६ चेकसम काढून फाइल तीच असल्याची खात्री करा. खराब मशीनवर कॉपी करतानाही बिट उलटू शकतो. दुसरे मशीन वेगळ्या प्रोसेसर-घराण्यातले हवे, हे फार महत्त्वाचे. स्कायलेकचा दोष दोन स्कायलेक मशीनवर सारखाच दिसला असता आणि 'दोन्हीकडे कोसळते, म्हणजे सॉफ्टवेअरच' असा चुकीचा निकाल लागला असता.

किती फेऱ्या चालवायच्या यालाही हिशेब आहे. दहात एकदा येणारा बिघाड २० फेऱ्यांत एकदाही न दिसण्याची शक्यता १२ टक्के उरते. ४५ फेऱ्या केल्या की ती १ टक्क्याच्या खाली जाते. तीन-चार वेळा चालवून 'गेला बिघाड' म्हणणाऱ्यांचा घात इथेच होतो. प्रत्येक फेरीला सिग्नल क्रमांक (कोसळण्याचा प्रकार सांगणारा), कोसळल्याचा पत्ता, कोअर क्रमांक आणि तापमान लिहून ठेवा.

एकाच मशीनवर दोन्ही बायनरी कोसळल्या तर मशीन तपासा. एक बायनरी वेगळ्या घराण्याच्या दोन्ही मशीनवर एकाच जागी कोसळली तर प्रोग्रॅम तपासा, मग कंपायलर. आणि एकाच मशीनवर एकच बायनरी कोसळली, बाकी तीन जोड्या नीट चालल्या, तर काहीही सिद्ध झालेले नाही. आपल्या लेखात दुसरे मशीन घेतलेलेच नाही. चारांतल्या दोनच जोड्या पाहून, तिथेच निकाल दिला आहे. या स्थितीत आधी मशीन तपासावे, कारण ते स्वस्त आणि झटपट होते.

बिल्ड हीच मशीनची उत्तम परीक्षा आहे. कोअर, कॅशे, रॅम आणि डिस्क चारही एकदम राबतात आणि एक बिट चुकला तरी कंपायलर अडखळतो. तोच स्रोत तीनदा बांधा. दर वेळी वेगळ्या फाइलीवर अडत असेल तर यंत्रावर दाट संशय. अनेक लिनक्स वितरणांतला जीसीसी आतली चूक आल्यावर स्वतःच पुन्हा प्रयत्न करून पाहतो आणि चूक परत आली नाही तर ती बहुधा हार्डवेअरची किंवा ऑपरेटिंग सिस्टिमची असल्याचा संदेश देतो. तो संदेश वाचून सोडून देऊ नका.

'दर वेळी तीच जागा, म्हणजे सॉफ्टवेअर' या नियमाला मात्र एक चकवा आहे. समजा 'रिटर्न' या शब्दात यू च्या जागी डब्ल्यू दिसतो आणि कंपायलर अनोळखी नाव म्हणून तक्रार करतो. यू चा आस्की अंक (अक्षराला दिलेला क्रमांक) ११७, डब्ल्यूचा ११९. फरक २ चा, म्हणजे एकाच बिटाचा. फाइल डिस्कवरून एकदा रॅममध्ये आली की लिनक्स ती पेज कॅशेत (वाचलेल्या फाइलींच्या रॅममधल्या साठ्यात) ठेवतो आणि पुढची प्रत्येक फेरी तीच खराब प्रत वाचते. चूक शंभर वेळा त्याच ओळीवर येईल. मशीन रीस्टार्ट करा, किंवा रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून लिनक्सच्या ड्रॉप-कॅशेस फाइलीत ३ लिहून कॅशे रिकामी करा. आता चूक गेली तर रॅम पकडली गेली. हीच युक्ती पत्त्यांना लावा: अपेक्षित पॉइंटर आणि हाती आलेला पॉइंटर यांचा एक्सॉर (कोणते बिट वेगळे आहेत हे दाखवणारी क्रिया) काढा. उत्तरात एकच बिट १ असेल तर उलटलेल्या बिटाचा संशय घेण्यासारखा आहे.

उलट बाजूचा चकवाही आहे. लिनक्स प्रोग्रॅमचे पत्ते प्रत्येक वेळी मुद्दाम वेगळे मांडतो, त्यामुळे पक्की सॉफ्टवेअरची चूकही लहरी वाटते. सेटआर्च या कमांडच्या आर पर्यायाने ही सरमिसळ बंद करून चालवा. थ्रेडांची आपसातली शर्यतही अशीच लहरी असते. प्रोग्रॅमला शक्य असेल तर एका थ्रेडवर चालवून पाहा.

मशीन तपासताना पहिले काम बायोस मूळ सेटिंगवर आणणे. एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल (रॅम जास्त वेगाने चालवण्याचे तयार सेटिंग) बंद करा. रॅमच्या पाकिटावर छापलेला वेग हा बहुतेकदा ओव्हरक्लॉकच असतो, आणि चार पट्ट्या लावल्या की तो टिकेलच असे नाही. मग मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून चालवा. किमान चार पूर्ण फेऱ्या, शक्यतो रात्रभर. एकही चूक चालत नाही. 'हजारात एकच आली' याचा अर्थ रॅम खराब आहे असाच. चूक आली तर पट्ट्या एकेक करून त्याच स्लॉटमध्ये तपासा, मग तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये. दर वेळी तोच पत्ता आणि तोच बिट चुकत असेल तर त्या पट्टीवरची चिप गेली आहे. पत्ते विखुरलेले असतील आणि कोणतीही पट्टी लावली तरी येत असतील, तर स्लॉट, व्होल्टेज किंवा प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर पाहावा लागतो.

मेमटेस्ट स्वच्छ आला म्हणून सुटलो असे मात्र नाही. त्या वेळी मशीनचा बराचसा भाग आरामात असतो, ताप आणि करंट कमी असतो. म्हणून नंतर प्राइम९५ हा अवघड गणित करायला लावणारा प्रोग्रॅम चालवा: प्रोसेसरसाठी स्मॉल एफएफटी ही चाचणी, रॅमसाठी ब्लेंड. एखाद्या वर्करने राउंडिंग एरर सांगून काम थांबवले, तर त्या कोअरने गणित चुकवले आहे. इथे कंपायलरचा प्रश्नच उरत नाही, कारण प्राइम९५ चा गाभा हाताने लिहिलेल्या असेंब्लीत (इन्स्ट्रक्शन जवळजवळ थेट लिहिण्याच्या भाषेत) आहे. तो नीट चालला तर आपलाच संशयित प्रोग्रॅम टास्कसेट या कमांडने एकेका कोअरला बांधून चालवा. सगळे कोअर नीट आणि एकच चुकतो, असे खरोखर घडते. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात हेच आहे: एका सर्व्हरच्या ५९ क्रमांकाच्या कोअरवर १.१ च्या ५३ व्या घाताचा पूर्णांक १५६ ऐवजी शून्य येत होता आणि ५२ व्या घाताचे उत्तर बरोबर येत होते. फाइल उलगडताना तिचा आकार शून्य निघे आणि फाइल हरवे. ना क्रॅश, ना नोंद. त्यांनी माग काढत मूळ कोड अखेर ६० ओळींच्या असेंब्लीपर्यंत आणला, तेव्हा दोष नेमका पकडता आला.

नोंदी जरूर पाहा: लिनक्सवर डीमेसेज (कर्नलच्या नोंदी) आणि रास-डेमन (हार्डवेअरच्या चुका टिपणारा प्रोग्रॅम), विंडोजवर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया-लॉगरचे १७, १८ आणि १९ क्रमांक. तिथे मशीन चेकची (यंत्राने स्वतः पकडलेल्या चुकीची) नोंद सापडली तर बराच वेळ वाचतो. पण नोंद नाही म्हणजे दोष नाही, असे धरू नका. ईसीसी (चुकलेला बिट पकडण्याची सोय) नसलेल्या रॅममध्ये बिट उलटला तर नोंद करणारे कुणी नसतेच. मायक्रोकोडची आवृत्ती लिनक्सवर प्रॉक-सीपीयूइन्फो फाइलीत दिसते. बायोस जुना असेल तर आधी तो नवा करा आणि ४५ फेऱ्या पुन्हा मोजा.

एवढे होऊन मशीन निर्दोष ठरले की मग प्रोग्रॅम आणि कंपायलर. ॲड्रेस सॅनिटायझर आणि अनडिफाइन्ड बिहेवियर सॅनिटायझर (प्रोग्रॅम चालताना चुकीचे पत्ते आणि नियमाबाहेरचे वर्तन पकडणाऱ्या तपासण्या) लावून बांधा, जमल्यास दोन्ही कंपायलरांनी, कारण एकाला न दिसलेले दुसऱ्याला दिसते. कंपायलरच्या सूचना सगळ्या चालू करा आणि एकेक वाचा. तरीही हाती काही लागले नाही तर ऑब्जेक्ट फाइलींची (एकेका स्रोत-फाइलीपासून बनलेल्या तुकड्यांची) विभागणी करा. निम्म्या फाइली जीसीसीच्या, निम्म्या क्लँगच्या, आणि एकत्र लिंक, म्हणजे जोडणी. कोसळले की जीसीसीच्या निम्म्या भागाचे पुन्हा दोन भाग. ५१२ फाइली असल्या तरी ९ फेऱ्यांत एका फाइलीवर येता. सी++ असेल तर दोन्हीकडे स्टँडर्ड लायब्ररी एकच ठेवायची, नाहीतर लिंकच होणार नाही. मग त्या फाइलीतली फंक्शने एकेक करून वेगळ्या फाइलीत काढा, आणि दोषी फंक्शनचे दोन्ही असेंब्ली ऑब्जडंप या साधनाने काढून शेजारी ठेवून वाचा. कंपायलरमध्ये खऱ्या चुका असतात, याबद्दल वाद नाही. पण तक्रार करायची ती प्रीप्रोसेस केलेली फाइल, नेमकी आवृत्ती, पूर्ण कमांड आणि चुकलेली इन्स्ट्रक्शन दाखवून.

मायक्रोकंट्रोलरवर (उपकरणांत बसणाऱ्या छोट्या संगणक-चिपवर) काम करणाऱ्यांसाठी वेगळे लिहायला हवे, कारण त्यांच्याकडे ओ-० चालते आणि ओ-२ अडते ही तक्रार रोजची आहे. पहिला संशय व्होलाटाइल (ही जागा दर वेळी नव्याने वाच, असे कंपायलरला सांगणारा शब्द) विसरल्याचा. इंटरप्टमध्ये (मधेच येणाऱ्या तातडीच्या कामात) बदलणारा फ्लॅग व्होलाटाइल नसेल तर ऑप्टिमायझर तो एकदाच वाचतो आणि लूप कायमचा अडकतो. रिकामा डिले लूप तर पूर्ण उडतो. मग एलसीडी किंवा सेन्सर सुरू व्हायच्या आत कमांड जाते आणि पार्ट खराब असल्यासारखा वागतो. कॉर्टेक्स-एम० वर चारच्या पटीत नसलेल्या पत्त्यावरून ३२ बिट वाचले की सरळ हार्डफॉल्ट (चिपचे काम अडवणारी गंभीर चूक) येतो.

पण इथेही यंत्राची बाजू आहे. एसटीएम३२एफ१०३ हा मायक्रोकंट्रोलर ७२ मेगाहर्ट्झवर चालवायचा तर फ्लॅशला (कोड साठवणाऱ्या मेमरीला) २ वेट स्टेट (वाट पाहण्याचे ठोके) लागतात: २४ पर्यंत शून्य, ४८ पर्यंत १, त्यापुढे २. क्लॉक वाढवून वेट स्टेट विसरले, तर फ्लॅश वेळेत उत्तर देत नाही आणि चुकीची इन्स्ट्रक्शन हाती पडते. कोणत्या ओळीला पडेल, हे कोड फ्लॅशमध्ये कसा बसला आहे आणि चिप किती तापली आहे यावर जाते. एका कंपायलरच्या मांडणीत ते दिवसभर झाकले जाईल, दुसऱ्याच्या मांडणीत मिनिटात उघडे पडेल. तसेच पुरवठ्याच्या प्रत्येक पिनजवळ १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर खरोखर पिनला लागून आहे का, ते बोर्डावर भिंग धरून पाहा. कॉर्टेक्स-एम३ आणि त्यापुढच्या चिपवर हार्डफॉल्ट आला की डिबगरमध्ये सीएफएसआर हे चुकीचे कारण नोंदणारे रजिस्टर वाचा, पत्ता ई०००ईडी२८. अलाइनमेंट, बस की अनोळखी इन्स्ट्रक्शन, हे ते थेट सांगते. अनोळखी इन्स्ट्रक्शन म्हणाले आणि फ्लॅशमध्ये त्या जागी कोड अगदी बरोबर आहे, तर वेट स्टेट आणि पुरवठ्याकडे वळा.

आपणास विनंती आहे की लेखातल्या त्या शेवटच्या परिच्छेदाची दुरुस्ती पुरवणीत छापावी. ज्या वाचकांनी तो वाचून कंपायलर बदलला असेल, त्यांनी कोसळणारी जुनी बायनरी कृपा करून पुसू नये. तिच्यासोबत बिल्डची कमांड, कंपायलरची आवृत्ती आणि मायक्रोकोडचा क्रमांक एका साध्या फाइलीत लिहून ठेवावा. आपल्या मशीनवर बिघाड हमखास दाखवणारे तेच एक साधन हाती आहे. रॅम बदलल्यावर, बायोस नवा केल्यावर किंवा प्रोसेसर बदलून आल्यावर तीच बायनरी ४५ वेळा चालवून पाहायची आहे.

आपला,
एक वाचक, सिस्टिम प्रोग्रॅमर